शहीद न होता देशाचं काम केलेला माणूस : इद्रिस हसन लतीफ

(युवा शिबिरात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीला एक छोटी चाचणी घेतो, मार्क नाहीत, घाबरू नका. वीर अब्दुल हमीद हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. जवळपास सगळेच. छान. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान? निम्मे. आता तिसरं नाव. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ? एक, दोन, तीन. मागे अर्धा हात वर आहे, तो धरून साडेतीन.

अब्दुल हमीद १९६५च्या युद्धात खेमकरणजवळ रणगाड्यांशी लढताना गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. ब्रिगेडियर उस्मान १९४८च्या जुलैमध्ये काश्मीरच्या आघाडीवर झांगडला गेले. त्यांना महावीर चक्र मिळालं आणि दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात त्यांची कबर आहे. दोघंही थोर, त्यांचं ऋण कुणी नाकारणार नाही. पण तुमचे हात पाहून मला एक गोष्ट बोलावीशी वाटते. आपल्याला जी नावं पाठ आहेत ती सगळी मरण पावलेल्या सैनिकांची आहेत. जो वयाच्या अठराव्या वर्षी दलात गेला, चाळीस वर्षं नोकरी केली, सर्वोच्च पदावर पोचला, निवृत्त झाला, संसार केला, मुलं वाढवली आणि वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी आपल्या गावी वारला, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

असं का होतं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. त्यासाठी आधी या माणसाचं आयुष्य सांगतो.

इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३चा, हैदराबादचा. शिक्षण तिथल्याच निजाम कॉलेजात. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिशांना वैमानिक हवे होते. अठराव्या वर्षी ते हवाई दलात दाखल झाले आणि जानेवारी १९४२मध्ये अधिकारी झाले. पहिली नेमणूक कराचीला, किनारा-संरक्षणाच्या तुकडीत. काम काय, तर अरबी समुद्रावर घिरट्या घालत शत्रूच्या पाणबुड्यांवर नजर ठेवायची. आणि विमानं कुठली? वापिटी, ऑडॅक्स, हार्ट. दोन मजली पंखांची, उघड्या कॉकपिटची, जुनी विमानं. वापिटीचा जास्तीत जास्त वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आजची वंदे भारत चाचणीत १८०पर्यंत गेली आहे, म्हणजे फार मोठा फरक नाही.

पुढे निवडक भारतीय वैमानिकांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं गेलं, त्यात ते होते. तिथं हरिकेन आणि स्पिटफायर ही त्या काळातली नावाजलेली लढाऊ विमानं त्यांनी चालवली. परत आल्यावर ब्रह्मदेशाची आघाडी. जपानी सैन्याविरुद्धच्या त्या मोहिमेत त्यांनी हरिकेन उडवलं. युद्ध संपलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तुमच्यातले अनेक जण त्या वयात शेवटच्या सेमिस्टरचा सबमिशनचा गठ्ठा घेऊन धावत असतात. मीही धावलोय.

मग १९४७ आलं.

फाळणीत जमीन वाटली गेली हे आपण शिकतो. त्याबरोबर कार्यालयातली टेबलं-खुर्च्या, टाइपरायटर, ग्रंथालयातली पुस्तकं, तोफा, विमानं आणि माणसंही वाटली गेली. सैन्यातल्या माणसांसाठी एक नियम होता. सर्वसाधारणपणे प्रत्येकानं भारत की पाकिस्तान ते लिहून द्यायचं होतं. पण जो मुस्लिम सैनिक पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातला होता, त्याला भारत निवडता येत नव्हता. आणि जो बिगरमुस्लिम उरलेल्या भारतातला होता, त्याला पाकिस्तान निवडता येत नव्हतं. म्हणजे खरी निवड होती ती इकडच्या मुसलमानांना आणि तिकडच्या हिंदू-शिखांना.

लतीफ या निवडणाऱ्यांपैकी होते. त्यांचे हवाई दलातले दोन सहकारी मित्र, असगर खान आणि नूर खान, पाकिस्तानच्या बाजूला गेले. नवं हवाई दल उभं राहणार होतं, अनुभवी मुस्लिम वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि जो जाईल त्याला बढतीचा रस्ता मोकळा होता. दोघांनी लतीफना फोन करून 'आमच्याकडे ये' असा आग्रह केला. लतीफ नाही म्हणाले. धर्म आणि देश या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि हे त्यांनी मित्रांना स्पष्टपणे सांगितलं.

त्या मित्रांचं पुढं काय झालं हेही ऐका, म्हणजे लतीफ कशाला नाही म्हणाले ते कळेल. असगर खान १९५७मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांच्यानंतर १९६५च्या जुलैमध्ये नूर खान प्रमुख झाले. लतीफना भारतात त्या पदावर पोचायला १९७८ उजाडलं. म्हणजे एकवीस वर्षांचा फरक. ही किंमत त्यांनी हिशेब करून दिली का, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. चोवीस वर्षांच्या मुलानं आपलं घर कुठं आहे ते सांगितलं, एवढंच.

पण थांबा. इथं एक गाठ आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे.

लतीफ यांचं घर हैदराबादला होतं. १९४७च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद भारतात नव्हतं आणि पाकिस्तानातही नव्हतं. निजामानं विलीनीकरण नाकारलं होतं. आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. म्हणजे या तरुण अधिकाऱ्यानं भारत निवडला तेव्हा त्याचं स्वतःचं शहर अजून भारताचा भाग झालेलं नव्हतं. ते व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडलं. मराठवाड्यातल्या मुलांना ही तारीख सांगायला नको, शाळेत झेंडावंदनाला जावंच लागतं.

मी स्वतः मराठवाड्यातला आहे. आमच्याकडे त्या वर्षाबद्दल दोन प्रकारचं बोललं जातं. चौकात मोठ्यानं बोललं जातं ते रझाकारांच्या जुलमाबद्दल, आणि ते खरं आहे. गावं जाळली गेली, माणसं मारली गेली. घरात, दार लोटून, हळू आवाजात बोललं जातं ते 'पोलीस ॲक्शन'नंतर काय झालं त्याबद्दल, आणि तेही खरं आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला केंद्र सरकारनंच पाठवलं होतं. त्या समितीनं उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतली सर्वाधिक हानी नोंदवली आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलता आल्या पाहिजेत. आणि त्यांच्या सोबत तिसरीही. त्याच हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण मुस्लिम संपादक होता, 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवायचा. हैदराबादनं भारतात यावं असं त्यानं उघडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. म्हणजे 'हैदराबादचे मुसलमान काय म्हणत होते' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कासिम रझवी एक म्हणत होता, शोएबुल्ला दुसरं म्हणत होता, आणि लतीफ दिल्लीच्या बाजूचा गणवेश घालून आपलं काम करत होते. समाजाला एकच तोंड असतं असं जो सांगतो, मग तो आपल्यातला असो की बाहेरचा, त्याला ही तीन नावं सांगा.

आता पुढं जाऊ. स्वातंत्र्यानंतर लतीफ टेंपेस्ट विमानांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. २६ जानेवारी १९५० रोजी, देश प्रजासत्ताक झाला त्या दिवशी, दिल्लीवरून विमानांनी जी सलामी दिली तिचं नेतृत्व त्यांनी केलं. डोळ्यांसमोर आणा. राज्यघटना लागू होण्याचा दिवस, खाली नवं प्रजासत्ताक, आणि वर सगळ्यात पुढच्या विमानात हैदराबादचा सव्वीस वर्षांचा मुलगा.

यानंतरची तीस वर्षं मी पटकन सांगणार आहे, कारण त्यांत सिनेमाला लागतं तसं काही फारसं नाही. नेमणुका, बदल्या, प्रशिक्षण, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या दूतावासात हवाई दलाचे प्रतिनिधी म्हणून काही काळ. १९७१च्या युद्धाच्या वेळी ते मुख्यालयात नियोजनाच्या जबाबदारीवर होते. नियोजन म्हणजे काय? किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत, सुटे भाग कुठं अडकलेत, कुठल्या तळाला काय कमी पडतंय, पुढच्या पाच वर्षांत काय विकत घ्यावं लागेल. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कंटाळवाणं काम म्हणतो आणि ते कुणी नीट केलं नाही की रात्री दोन वाजता फोन येतो. युद्धात तो फोन येण्याची सोयच नसते.

१९७८मध्ये, ऑगस्ट संपता संपता, ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९८१च्या ऑगस्टपर्यंत त्या पदावर होते. भारताच्या तिन्ही दलांपैकी कुठल्याही दलाचे प्रमुख झालेले ते एकमेव मुस्लिम. त्यांच्या काळात दोन मोठी कामं झाली. शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाऊन मारा करणारं विमान घेण्याचा निर्णय वर्षानुवर्षं फायलींत रेंगाळत होता. ते जग्वार विमान १९७९मध्ये भारतात आलं. आज तुमचं-माझं वय काहीही असो, जग्वार आपल्याहून मोठं आहे आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ दलात टिकलं आहे. दुसरं काम म्हणजे सोव्हिएत रशियाकडून मिग २३ आणि मिग २५ या विमानांची खरेदी. मिग २५ हे टेहळणीचं विमान वीस किलोमीटरहून अधिक उंचीवर, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगानं जाणारं. निवृत्तीच्या सुमारास, अठ्ठावन्नाव्या वर्षी, लतीफ त्या मिग २५मधून उडाले.

वापिटी ते मिग २५. उघड्या कॉकपिटपासून अंतराळाच्या कडेपर्यंत. चाळीस वर्षांत प्रत्येक नवं यंत्र पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं असणार. मला नोकरीत दहा-बारा वर्षं झाली, एवढ्यात तीनदा सगळं नव्यानं शिकावं लागलं आणि प्रत्येक वेळी मी कुरकुर केली. म्हणून या गोष्टीचं मला जरा जास्त अप्रूप.

निवृत्तीनंतर ते आपल्याकडे आले. मार्च १९८२ ते एप्रिल १९८५ ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तो मुंबईचा कठीण काळ. गिरण्यांचा संप नुकताच सुरू झाला होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांचं आंदोलन पेटलं, १९८४च्या मे महिन्यात भिवंडी आणि मुंबईत दंगल झाली. घटनेप्रमाणे राज्यपालाच्या हातात कारभार नसतो, तो मंत्रिमंडळाचा असतो. त्यामुळे त्यांना उगाच श्रेय देऊ नये आणि उगाच दोषही देऊ नये. पण राजभवनातून एक व्यक्ती धारावीत जायला लागली, ती गोष्ट सांगितलीच पाहिजे.

ती व्यक्ती म्हणजे त्यांच्या पत्नी, बिल्किस लतीफ. राज्यपालांच्या पत्नीनं फिती कापाव्यात, फुलांच्या प्रदर्शनाला जावं, अशी रीत. या बाईंनी धारावीतल्या बायका आणि मुलांसाठी काम सुरू केलं आणि त्यासाठी संस्था उभी केली. नवऱ्याची राज्यपालपदाची मुदत संपली तरी काम संपलं नाही, पुढं कित्येक वर्षं चाललं. त्या लेखिकाही होत्या. आंध्रच्या, म्हणजे खास करून हैदराबादी, स्वयंपाकावरचं त्यांचं पुस्तक खवय्यांना माहीत असेल. २००९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बिल्किस यांचे वडील कोण होते माहितेय? मुंबईच्या मुलांनो, वांद्र्याला रेक्लमेशनजवळ कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या पाटीवर कुणाचं नाव आहे? बरोबर, अली यावर जंग. तेच. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू, अनेक देशांत भारताचे राजदूत, आणि १९७० ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल. पदावर असतानाच ते वारले. १९६५मध्ये अलीगढला प्रवेशाच्या नियमात बदल केला म्हणून चिडलेल्या विद्यार्थ्यांच्या जमावानं त्यांना बेदम मारलं होतं. जिवावरचं दुखणं होतं. बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसले. म्हणजे मलबार हिलच्या त्या बंगल्यात आधी सासरे राहून गेले आणि पाचेक वर्षांनी जावई आले. बिल्किस यांच्यासाठी ते आधी वडिलांचं घर होतं, मग नवऱ्याचं.

राज्यपालपदानंतर लतीफ तीन वर्षं फ्रान्समध्ये राजदूत होते. १९८८मध्ये ते हैदराबादला परतले आणि पुढची तीस वर्षं तिथं राहिले. ऑक्टोबर २०१७मध्ये बिल्किस गेल्या. ३० एप्रिल २०१८ला लतीफ गेले. त्यांना लष्करी मानवंदना देऊन हैदराबादच्याच मातीत दफन करण्यात आलं. त्याच वर्षी ५ जानेवारीला असगर खान पाकिस्तानात वारले होते. एका वर्षाच्या चार महिन्यांत दोन जुने मित्र गेले.

असगर खान यांच्याबद्दल आणखी एक वाक्य बोलू द्या. हवाई दल सोडल्यावर त्यांनी आयुष्याचा उरलेला भाग लष्करी राजवटीशी भांडण्यात घालवला. झियांच्या काळात वर्षानुवर्षं नजरकैदेत राहिले. निवडणुकीत गुप्तहेर खात्यानं पैसे वाटले म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सोळा वर्षांनी, २०१२मध्ये, निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यांनीही आपल्या देशाचं काम आपल्या परीनं केलं. त्यांना शिव्या दिल्यानं लतीफ मोठे होत नाहीत. जे लोक लतीफ यांचं नाव घेऊन दुसऱ्या कुणाला हिणवतात त्यांच्या नादाला लागू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा माणूस आपल्याला का ठाऊक नाही?

मला वाटतं, कारण आपण प्रमाणपत्रं गोळा करतो आहोत. कुणीतरी विचारतं, 'तुम्ही लोक खरे कुठले?' हा प्रश्न मला विचारला गेलाय, तुम्हालाही गेला असेल. मी काम करतो तिथं भारत-पाकिस्तान सामन्याच्या आदल्या दिवशी एक सहकारी हसत हसत विचारायचा, 'उद्या कुणाच्या बाजूनं?' तो वाईट माणूस नव्हता, माझ्या डब्यातला खिमा रोज खायचा. पण प्रश्न विचारायचा. अशा वेळी आपला हात आपोआप खिशात जातो आणि आपण नावं काढून दाखवतो. अब्दुल हमीद. उस्मान. कलाम. पंधरा ऑगस्टला व्हॉट्सॲपवर हीच नावं तिरंग्याच्या चित्रासह फिरतात.

यात दोन गफलती आहेत. पहिली, प्रमाणपत्र दाखवलं की प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार आपण मान्य करतो. तुमचं नागरिकत्व अब्दुल हमीद यांच्या हौतात्म्यावर अवलंबून नाही. उद्या समजा सैन्यात एकही मुसलमान नसता, तरी घटनेचं कलम १४, १५ आणि १६ तुमच्यासाठी तसंच लागू असतं. कायद्यापुढं समानता, भेदभावाला बंदी, सरकारी नोकरीत समान संधी. त्या कलमांखाली 'शहिदांची यादी जोडावी' असं कुठंही लिहिलेलं नाही.

दुसरी गफलत जास्त खोल आहे. हौतात्म्याचीच उदाहरणं पुढं केली की नकळत असं ठरतं की मुसलमानानं देशाचा होण्यासाठी मरावं लागतं. जो जगला त्याचं काय? जो नियमानं टॅक्स भरतो, सिग्नलला थांबतो, मुलांना शाळेत सोडतो, त्याचं काय? माझे अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले. घाटात उतरणाऱ्या गाडीतल्या पन्नास माणसांना ब्रेक कुणी लावला ते कधीच कळत नाही, गाडी खाली पोचली एवढंच कळतं. अब्बांचं एकच म्हणणं असायचं, 'काम असं करावं की दुसऱ्याला पुन्हा बघावं लागू नये.' त्यांनी लतीफ यांचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण लतीफ यांच्याबद्दल वाचताना मला पदकांपेक्षा सुटे भाग, फायली आणि बदल्या जास्त दिसल्या, याचं कारण बहुधा अब्बा.

लतीफही वडील होते. हवाई दलातल्या कुटुंबाचं जगणं कसं असतं ते त्या घरांतल्या मुलांना विचारा. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा, नवे मित्र. सामान बांधायच्या लाकडी पेट्या माळ्यावर कायम तयार. बाप उड्डाणाला गेला की आई घड्याळाकडे बघते आणि मुलं आईकडे बघतात. या घरात मुलं मोठी होत होती तेव्हा १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धं झाली, आणि १९६५ला समोरच्या हवाई दलाचा प्रमुख वडिलांचा जुना मित्र होता. ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर कशी बोलली गेली असेल त्याच्या कथा मी रचणार नाही, तो त्या कुटुंबाचा खासगी ऐवज आहे. पण युद्धाच्या काळात मित्राबद्दलचा जिव्हाळा आणि देशाबद्दलचं कर्तव्य एका छातीत राहू शकतात, हे ज्या मुलांनी घरात पाहिलं असेल त्यांना देशप्रेम म्हणजे द्वेष असं कुणी शिकवू शकणार नाही. आपल्यातल्या ज्यांना मुलं आहेत किंवा होतील, त्यांनी यावर विचार करावा.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर भाषण एकांगी होईल. आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य फार ऐकू येतं : 'आपल्याला कोण घेणार?' मुलगा दहावीला चांगले मार्क मिळवतो, त्याला कुणीतरी सांगतं, 'गॅरेजला लाव, सरकारी नोकरी आपल्या नशिबात नाही.' भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. तो आहे, आणि तो मोजला गेला पाहिजे. सच्चर समितीनं सैन्यातल्या मुस्लिमांच्या प्रमाणाची माहिती मागितली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि ती आकडेवारी २००६च्या अहवालात आलीच नाही. मोजायचंच नाही म्हटलं तर दुरुस्त काय करणार? ही मागणी आपण नागरिक म्हणून करत राहिलं पाहिजे. पण अर्जच केला नाही तर आपल्याला नाकारलं असंही म्हणता येत नाही. लढा द्यायला आधी रांगेत उभं राहावं लागतं.

म्हणून शेवटची काही मिनिटं अगदी व्यवहाराचं बोलतो. वहीत लिहून घ्या.

खडकवासल्याची एनडीए पुण्यापासून तासाभरावर आहे. प्रवेश परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. बारावीत असतानाच अर्ज करता येतो. हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. त्यामुळे दहावीनंतर 'गणित अवघड जातं' म्हणून ते सोडायच्या आधी दोनदा विचार करा. शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकारी खर्चानं. त्याची पूर्वतयारी करून घेण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७पासून. दहावीनंतर तिथं निवड परीक्षेनं प्रवेश मिळतो. मराठवाड्यातल्या मुलांच्या दारात असलेली ही संस्था आपल्या किती घरांत माहीत आहे?

मुलींनो, तुमच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं. पहिली तुकडी २०२२मध्ये आत गेली आणि मे २०२५मध्ये सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी स्वतंत्र सेवापूर्व संस्थाही सुरू झाली आहे. पदवीनंतर हवाई दलात जायचं असेल तर एएफकॅट नावाची परीक्षा आहे, इंजिनियरिंगवाल्यांना तांत्रिक शाखाही खुली आहे. घरी 'मुलीच्या जातीला हे कशाला' असं कुणी म्हणालं तर त्यांना राजभवनातून धारावीत जाणाऱ्या बिल्किसआपांची गोष्ट सांगा. काम कुठलं करायचं ते बाईनं स्वतः ठरवलं होतं.

आणि ज्यांना सैन्यात जायचं नाही त्यांनी अजिबात जाऊ नका. मीही गेलो नाही, माझा चष्मा आणि माझी पाठ दोन्ही त्या कामाची नाहीत. शिक्षक व्हा, तलाठी व्हा, नर्स व्हा, कोड लिहा, ब्रेक दुरुस्त करा. देशाचं काम गणवेशातच होतं असा नियम नाही.

एक विनंती मात्र करतो. पुढच्या वेळी कुणी हसत हसत विचारलं की 'उद्या कुणाच्या बाजूनं?', तर खिशातली यादी काढू नका. सरळ म्हणा, 'तुझ्याच बाजूनं, पण तू हे मलाच का विचारलंस?' मग गप्प राहा आणि त्याला उत्तर देऊ द्या. मी हे करून पाहिलं. माझा तो सहकारी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'सॉरी यार, विचारच केला नव्हता.' आम्ही अजून एकत्र जेवतो.

लतीफ यांच्याबद्दल तुम्हाला आणखी वाचायचं असेल तर जरूर वाचा, आणि त्यांना देव करू नका. त्यांच्या निर्णयांवर चर्चा करा, जग्वार घ्यायला हवं होतं का यावर वाद घाला, राज्यपाल म्हणून कुठं बोलायला हवं होतं ते विचारा. ज्या माणसावर मोकळेपणानं वाद घालता येतो तोच आपला माणूस होतो.

चहा आलेला दिसतोय. चहानंतर गटचर्चा आहे, तिच्यासाठी प्रश्न देऊन ठेवतो : तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कोण आहे ज्यानं तीस-चाळीस वर्षं एक काम मन लावून केलं आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही? प्रत्येकानं एक नाव घेऊन यायचं, सोबत त्या माणसाचं काम काय होतं ते पाच वाक्यांत. मी ऐकायला बसतो.